नास्तिक की अज्ञेयवादी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"मी देव मानत नाही" असं म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, शेजारच्या हळदीकुंकवात ते मला विचारले गेले आहेत. कधी रागाने, कधी काळजीने, आणि अलीकडे कॉलेजातल्या भाचेकंपनीकडून खऱ्या कुतूहलाने. वादात उत्तरं नेहमी अर्धवट राहतात, म्हणून ती इथे सावकाश लिहिली आहेत.

दोघांतला फरक थोडक्यात सांगाल का?

"देव आहे असं तुम्ही मानता का?" हा एक प्रश्न. "देव आहे की नाही हे तुम्हाला माहीत आहे का?" हा दुसरा. पहिल्याला "नाही" म्हणतो तो नास्तिक. दुसऱ्याला "नाही, आणि बहुधा ते कुणालाच कळण्यासारखं नाही" म्हणतो तो अज्ञेयवादी.

एरवी हा भेद आपण दिवसभर पाळतो. "ताई कोल्हापूरहून निघाली का?" असं कुणी विचारलं की "निघाली असेल, पण मला नक्की ठाऊक नाही" असं आपण सहज म्हणतो. वाटणं वेगळं, ठाऊक असणं वेगळं. देवाचा विषय निघाला की मात्र दोन्ही एकत्र कालवली जातात, आणि मग निम्मी भांडणं शब्दांवरून होतात.

म्हणजे एकच माणूस दोन्ही असू शकतो?

हो, आणि बरेच जण असतात. मी स्वतः त्यातली आहे. मी देव मानत नाही, म्हणून नास्तिक. विश्वाच्या मुळाशी काहीच नाही याचा पुरावा माझ्या हातात नाही, म्हणून अज्ञेयवादी.

उलट बाजूही आहे. "देव कुणी बघितलाय? पण माझी श्रद्धा आहे" असं म्हणत वारीला जाणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. ती आस्तिक आहेत, आणि ज्ञानाच्या बाबतीत अज्ञेयवादी आहेत. त्यांच्याशी माझं फार पटतं.

बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४७ साली याच पेचावर लिहिलं. त्याचं म्हणणं असं : तत्त्वज्ञांसमोर बोलायचं तर मी स्वतःला अज्ञेयवादी म्हणायला हवं, कारण देव नाही हे निर्णायकपणे सिद्ध करणारा युक्तिवाद माझ्याकडे नाही. पण रस्त्यावरच्या साध्या माणसाला माझी भूमिका नीट कळावी असं वाटत असेल, तर नास्तिकच म्हणायला हवं. होमरच्या काव्यातले ग्रीक देव नाहीत हेही सिद्ध करता येत नाही, पण म्हणून ते असतील असं कुणी धरून चालत नाही.

याच रसेलला १९१८ साली युद्धविरोधी लेखनाबद्दल लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात टाकलं. दारावरच्या अधिकाऱ्याने नोंदवहीसाठी धर्म विचारला. रसेल म्हणाला, "अज्ञेयवादी." अधिकाऱ्याने स्पेलिंग विचारून घेतलं आणि उसासा टाकत म्हटलं, "धर्म पुष्कळ आहेत, पण सगळे एकाच देवाची पूजा करत असणार." या वाक्यावर आपण आठवडाभर खुशीत होतो असं रसेलने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, हाच मूळ अर्थ ना?

नाही. इथे जरा थांबावं लागेल, कारण हा शब्द आपल्याकडे सुमारे अडीच हजार वर्षं फिरतो आहे आणि फिरता फिरता त्याने अर्थ बदलले आहेत.

पाणिनीचं सूत्र आहे : 'अस्ति नास्ति दिष्टं मतिः'. 'आहे' अशी ज्याची मती तो आस्तिक, 'नाही' अशी ज्याची मती तो नास्तिक, आणि सगळं नशिबावर सोडणारा तो दैष्टिक. पण काय आहे, काय नाही? टीकाकार सांगतात, परलोक. म्हणजे इथे प्रश्न मेल्यानंतरचा आहे, देवाचा नाही. पुढे मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' येतं, म्हणजे वेदांना नावं ठेवणारा तो नास्तिक. देव इथेही नाही.

याचे परिणाम गमतीदार आहेत. पूर्वमीमांसा हे वेदांचं कट्टर समर्थन करणारं दर्शन. त्याला जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची गरज वाटली नाही, तरी ते आस्तिकच गणलं गेलं. सांख्यांचंही तेच. जैन आणि बौद्ध वेद मानत नाहीत, म्हणून नास्तिक. चार्वाक तर तिन्ही अर्थांनी नास्तिक : परलोक नाही, वेद प्रमाण नाहीत, ईश्वर नाही.

आज आपण 'नास्तिक' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा देव न मानणारा असा अर्थ असतो. जुन्या अर्थाला अडून बसायचं काही कारण नाही. पण "नास्तिकपणा हे पाश्चात्त्य फॅड आहे" असं कुणी म्हणालं, तर त्यांना पाणिनीचं सूत्र जरूर दाखवावं. नेमकेपणा हवा असेल तिथे 'निरीश्वरवादी' हा शब्द वापरता येतो, पण बोलताना तो जड जातो.

आणि 'अज्ञेयवाद' कुठून आला?

इंग्रजीतला 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द १८६९ साली लंडनमध्ये टॉमस हेन्री हक्सली या जीवशास्त्रज्ञाने घडवला. डार्विनचा खंदा समर्थक म्हणून तो प्रसिद्ध होता. मेटाफिजिकल सोसायटी नावाच्या एका चर्चामंडळात प्रत्येकाला काही ना काही 'वाद' होता, आणि आपल्यालाच नाव नाही हे हक्सलीला जाणवलं. इतर सगळ्यांना अस्तित्वाचं कोडं सुटल्याची खात्री होती, त्याला नव्हती. ग्रीक भाषेत 'ग्नोसिस' म्हणजे ज्ञान, म्हणून 'असं ज्ञान आपल्यापाशी आहे असा दावा न करणारा' या अर्थाचा शब्द त्याने बनवला. त्याच्या दृष्टीने ही शिस्त होती : पुरावा जिथवर नेतो तिथवर जा, आणि जे सिद्ध झालेलं नाही ते खात्रीचं म्हणून सांगू नका.

आपल्याकडे हा विचार आला तो हर्बर्ट स्पेन्सर आणि जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंतांची पुस्तकं वाचणाऱ्या पिढीबरोबर. त्यांत पहिलं नाव गोपाळ गणेश आगरकरांचं. कराडजवळच्या टेंभूचा हा माणूस, जन्म १८५६ चा. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' हे साप्ताहिक काढलं आणि देवाच्या कल्पना माणसाच्या मनात कशा तयार झाल्या असतील यावर मराठीत लिहिलं. अभ्यासक त्यांना अज्ञेयवादी म्हणतात ते यामुळे की विश्वाच्या आदिकारणाबद्दल त्यांनी ठाम दावा केला नाही, पण देवाच्या नावाने चालणाऱ्या रूढींना बुद्धीचा लगाम घातला. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता ते गेले.

आता शब्दाबद्दल माझी एक तक्रार. 'अज्ञेय' म्हणजे जे जाणताच येत नाही ते. जे अजून कळलेलं नाही, पण उद्या कळू शकेल, त्याला आपण 'अज्ञात' म्हणतो. "मला आज माहीत नाही, पुरावा आला तर बघू" म्हणणारा माणूस खरं तर अज्ञातवादी आहे, आणि "हे माणसाच्या बुद्धीच्या पलीकडचंच आहे" म्हणणारा अज्ञेयवादी. मराठीत दोघांनाही एकाच शब्दात कोंबलं आहे. तुमच्यासमोरचा माणूस यांपैकी कोणता, हे विचारून घ्यावं. दोघांशी होणारी चर्चा फार वेगळी असते.

अज्ञेयवादी म्हणजे घाबरट नास्तिकच ना? ना इकडचा, ना तिकडचा.

हा आरोप मला खरोखर लागतो. "मला माहीत नाही" हे वाक्य उच्चारायला किती बळ लागतं ते वर्गात हात वर करून बघा, किंवा ऑफिसात साहेबासमोर.

हक्सलीचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा, नोएल, १८६० साली स्कार्लेट फीव्हरने गेला. चार्ल्स किंग्झली या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचं पत्र पाठवलं. हक्सलीने लांबलचक उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा : आत्मा अमर आहे हे मी नाकारत नाही आणि स्वीकारतही नाही. मानावं असं कारण मला दिसत नाही, आणि खोडून काढायचं साधनही माझ्याकडे नाही. ज्या माणसाचं मूल नुकतंच गेलं आहे त्याला "तो कुठेतरी आहे, पुन्हा भेटेल" असं मानण्याचा मोह किती झाला असेल! हवंहवंसं वाटतं म्हणून एखादी गोष्ट खरी धरायची नाही, हे त्याने त्या आठवड्यात पाळलं. याला घाबरटपणा म्हणणाऱ्याने ते पत्र वाचावं.

या आरोपाची एक गंभीर बाजू मात्र आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ साली म्हटलं की काही प्रश्नांत निर्णय पुढे ढकलणं हाही निर्णयच असतो. ते खरं आहे. मनात काहीही ठरवलेलं नसो, सकाळी उठून तुम्ही पूजा तरी करता किंवा करत तरी नाही. मला विचाराल तर आचरणाच्या पातळीवर बहुतेक अज्ञेयवादी नास्तिकासारखेच जगतात, आणि ते मान्य करायला त्यांनी लाजू नये.

"देव नाही हे सिद्ध करून दाखवा." यावर काय म्हणता?

आधी विचारते, कोणता देव?

गोठ्यात म्हैस नाही हे सिद्ध करता येतं, जाऊन बघायचं. पण "ती म्हैस दिसत नाही, हाताला लागत नाही, दूध देत नाही, शेण टाकत नाही, पण आहे" असं कुणी म्हणालं तर तपासायचं काय? अशा दाव्यापुढे "सिद्ध करता येत नाही" एवढंच म्हणता येतं. पण त्यासाठी कुणी पेंड आणून ठेवत नाही.

याउलट, देवाबद्दलचे कितीतरी दावे थेट तपासण्यासारखे असतात. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली. आमच्या आळीतल्या देवळासमोर दुपारी रांग लागली होती आणि डेअरीतलं दूध संपलं होतं. मीही चमचा घेऊन उभी होते. चमचा सोंडेला टेकवला की दूध खरोखर कमी होत होतं. पण सोंडेखालून पांढरा ओघळ पोटावरून खाली पाटापर्यंत गेलेला होता आणि पाटाखालचं फडकं भिजून गेलं होतं. द्रवाचा पृष्ठताण आणि दगडाचा पृष्ठभाग यांतून हे होतं, असं शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवलं. इथे "कोण जाणे बुवा" म्हणणं हा अज्ञेयवाद नव्हता, तो आळस होता. जे तपासता येतं ते तपासायचं.

या प्रश्नावर सर्वांत आवडतं उत्तर मला सांख्यसूत्रांत सापडलं. एकच शब्द आहे : 'ईश्वरासिद्धेः', ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. सोळाव्या शतकातला भाष्यकार विज्ञानभिक्षू स्वतः ईश्वर मानणारा होता. त्याने नेमकं बोट ठेवलं की ईश्वर नाहीच असं म्हणायचं असतं तर सूत्रकाराने 'ईश्वराभावात्' लिहिलं असतं. असिद्धी आणि अभाव, या दोन शब्दांत आपला सगळा विषय आहे. ईश्वराचा अभाव ठामपणे सांगतो तो कडवा निरीश्वरवादी. असिद्धी सांगून थांबतो तो अज्ञेयवादी. आणि असिद्ध आहे म्हणून मी मानत नाही, असं म्हणणारे माझ्यासारखे नास्तिक. हक्सलीच्या तीनशे वर्षं आधी हा फरक संस्कृतात कुणी इतक्या बारकाईने केला होता, हे कळलं तेव्हा मी तो परिच्छेद तीनदा वाचला.

आपल्या परंपरेत अज्ञेयवादी होते का?

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त वाचा. ही सृष्टी कुठून झाली हे नक्की कुणाला ठाऊक आहे, कोण सांगू शकेल, देवही नंतरचेच, असं विचारत ते सूक्त शेवटी म्हणतं की परमव्योमात बसलेला जो याचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, 'यदि वा न वेद', किंवा त्यालाही नसेल. याला आधुनिक अर्थाने अज्ञेयवाद म्हणणं ओढूनताणून होईल, कारण ते सूक्त वेदांतच आहे आणि त्याचा ऋषी यज्ञसंस्कृतीतलाच. पण न कळण्याची ही कबुली त्या ऋषीने ठेवली आणि पुढच्यांनी पाठ करून जपली.

बुद्धाच्या काळात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा आचार्य होता. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू राजा त्याचं मत सांगतो. परलोक आहे का विचारलं तर तो म्हणे : आहे असं मला वाटत असतं तर तसं सांगितलं असतं, पण मी तसं म्हणत नाही, वेगळंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. बौद्धांनी अशा वादाला नाव दिलं 'अमराविक्खेप'. अमरा म्हणजे हातातून निसटणारा मासा. पुढे बुद्धाचे पट्टशिष्य झालेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे आधी याच संजयाचे शिष्य होते.

बौद्ध नास्तिक की अज्ञेयवादी?

वेद न मानण्याच्या जुन्या अर्थाने नास्तिक. बुद्धाने काही प्रश्नांची उत्तरं द्यायचं नाकारलं हेही खरं. मालुंक्यपुत्त या भिक्खूला त्याने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला : बाण कुणी मारला, तो गोरा की काळा, धनुष्य कसलं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असं म्हणणारा मरून जाईल. पण एक बारकावा लक्षात ठेवा. त्या अनुत्तरित प्रश्नांत जग शाश्वत आहे का, मृत्यूनंतर तथागत असतो का, असे प्रश्न आहेत. 'ईश्वर आहे का' हा प्रश्न त्या यादीत नाही. म्हणून बुद्धाला सरसकट अज्ञेयवादी म्हणणं मला पटत नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला जिवंत उत्तर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही अशी आहे. निर्माता ईश्वर नाही, पण धम्म आहे, शील आहे, विहार आहे, वंदना आहे. "धर्म म्हणजे देव" हे समीकरण मनात पक्कं बसलेल्यांनी एकदा आपल्या बौद्ध शेजाऱ्यांशी बोलावं.

संतांनीही देवावर शंका घेतली, मग तेही नास्तिक का?

नाही. तुकोबा 'माझे लेखी देव मेला' म्हणतात ते भक्ताचं भांडण आहे. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशीच असं बोलता येतं. मी देवावर कधी रागावले नाही, कारण रागवायला समोर कुणी आहे असं मला वाटत नाही. माझी जमात मोठी दाखवण्यासाठी तुकोबांना ओढून आणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

अंधश्रद्धा निर्मूलनवाले सगळे नास्तिकच असतात ना?

हा समज फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. दाभोलकर स्वतः देव मानत नव्हते, पण समितीची भूमिका त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितली : आमचा विरोध देवाला वा धर्माला नाही, शोषणाला आहे. समितीत देव मानणारे कार्यकर्तेही आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यात नरबळी आणि अघोरी प्रथांना शिक्षा आहे. पूजा, वारी, कीर्तन यांना त्याने हातही लावलेला नाही.

थेट निरीश्वरवाद मांडणारे वेगळे. 'परमेश्वराला रिटायर करा' म्हणणारे डॉ. श्रीराम लागू होते. भगतसिंग होते. 'मी नास्तिक का आहे' हा लेख त्यांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात लिहिला, फाशीची छाया डोक्यावर असताना.

देवाची भीती नसेल तर माणूस नीतीने का वागेल?

पुन्हा नोएलच्या अंत्यविधीकडे जाऊ. शवपेटीमागे हक्सली उभा होता आणि धर्मोपदेशक ठरलेला मजकूर वाचत होता. त्यात वाक्य आलं : मेलेले पुन्हा उठणार नसतील तर खा, प्या, कारण उद्या मरायचंच आहे. हक्सलीला धक्का बसला. म्हणजे माझा मुलगा मला परत मिळणार नाही म्हणून मी माणुसकी सोडून जनावर व्हायचं? त्याचं चांगलं वागणं मेल्यानंतरच्या मोबदल्यावर टांगलेलं नव्हतं.

मला स्वतःला हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, पण विचारणाऱ्याला तसं म्हणायचं नसतं. म्हणून मी एवढंच विचारते : तुम्ही आईला सांभाळता ते नरकाच्या भीतीने का? आजवर कुणीही "हो" म्हटलेलं नाही.

फॉर्मवरच्या 'धर्म' या रकान्यात काय लिहायचं? शपथेचं, लग्नाचं काय?

संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. त्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केलं की कोणतीही सरकारी यंत्रणा कुणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही आणि "मला धर्म नाही" असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांचा धर्म नोंदलेला नाही. 'नास्तिक' अशी स्पष्ट नोंद मात्र देशभरात जेमतेम ३३ हजारांची, आणि त्यांत महाराष्ट्र पुढे होता.

शपथेच्या वेळी 'ईश्वरसाक्ष' म्हणायचं नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, मंत्र्यालाही आणि कोर्टातल्या साक्षीदारालाही. या सवलतीसाठी इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ नावाच्या नास्तिकाला झगडावं लागलं. १८८० साली निवडून येऊनही त्याला पार्लमेंटात नीट बसू दिलं नाही. मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं, तेव्हा कुठे १८८६ साली जागा मिळाली. दोन वर्षांनी प्रतिज्ञेचा कायदा त्याने स्वतःच मंजूर करून घेतला. १८८९ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनाला हा ब्रॅडलॉ आला होता.

लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, विधींची गरज नाही. फक्त एक ध्यानात ठेवा : हिंदू घरात जन्मून नास्तिक झालात तरी वारसाहक्काला सहसा हिंदू कायदाच लागू राहतो.

नास्तिक असून आरतीला उभं राहणं हे ढोंग नाही का?

इथे मराठीतलं 'मानणे' हे क्रियापद घोळ घालतं. "आमच्याकडे सुतक मानतात" म्हणजे पाळतात. "थोरामोठ्यांना मानतो" म्हणजे आदर करतो. "देव मानतो" यात असतो असं वाटणं, आदर आणि पाळणं, तिन्ही येतं. म्हणून मी "देव मानत नाही" म्हटलं की लोकांना ऐकू येतं : ही आता आरतीला येणार नाही, प्रसाद घेणार नाही.

मी आरतीला उभी राहते, कारण घरच्या माणसांत उभं राहायला मला आवडतं. मोदकही करते, उकड मला चांगली जमते. पण पूजेला बसत नाही, आणि "नमस्कार कर" असं मुलांना दटावत नाही. माझी रेघ ही इथे आहे. दुसऱ्या नास्तिकाची अलीकडे असेल, त्यालाही माझी हरकत नाही.

संकटात तरी देव आठवतोच ना?

आईच्या बायपासच्या वेळी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये मावशीने माझ्या मुठीत कागदाची पुडी दिली. आत अंगारा होता. "तुझा विश्वास नसू दे गं, माझा आहे ना. तिच्या उशीखाली ठेव." आत काही न्यायला परवानगी नव्हती. ती पुडी माझ्या पर्समध्ये राहिली, औषधांच्या बिलांत. त्या रात्री मी दोनदा "देवा" म्हणाले.

म्हणून मी आस्तिक झाले का? अंगठा ठेचला की "आई गं" म्हणतो, आई जाऊन वीस वर्षं झाली असली तरी. जिभेवर लहानपणापासून जे बसलं आहे ते कळ आली की बाहेर येतं. त्या रात्री मी घाबरले होते, हे खरं. घाबरल्यावर निघालेला शब्द हा पुरावा धरायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी धरत नाही.

मुलांना काय सांगावं?

"मला असं वाटतं, आजीला तसं वाटतं, तू मोठा झालास की बघ." एवढं पुरतं. सात वर्षांच्या मुलाला नास्तिक म्हणणं मला त्याला आस्तिक म्हणण्याइतकंच चुकीचं वाटतं.

घरात कसं सांगू?

सणाच्या दिवशी सांगू नका. दुःखाच्या घरात तर नकोच. आणि सांगताना आपण सुटलो, बाकीचे अडकले आहेत, असा सूर नको.

मी एकोणीस वर्षांची असताना आजीला सांगितलं. ती सहाणेवर गंध उगाळत होती. हात थांबला नाही. "देव नाही म्हणतेस?" "आजी, मला माहीत नाही. पण मला तसं वाटत नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खोटं नमस्कार करण्यापेक्षा बरं." आणि परडी पुढे केली. सुट्टीत घरी असले की परसातली तगर आणि जास्वंद मीच काढायची, ते तिला माझ्याकडूनच हवं होतं. ती जाईपर्यंत काढत राहिले.

मेल्यावर माझे धार्मिक विधी होऊ नयेत अशी इच्छा आहे. काय करावं?

लिहून ठेवा, आणि नुसतं लिहू नका, माणसांना सांगा. जवाहरलाल नेहरूंनी १९५४ सालच्या मृत्युपत्रात आपले कोणतेही धार्मिक विधी करू नयेत असं कळकळीने लिहिलं होतं. तरी १९६४ साली त्यांच्या अंत्यसंस्कारात विधी झाले. मागे राहिलेल्यांना विधींचा आधार लागतो, आणि त्या घटकेला कागद कुणी शोधत नाही. देहदानाचा अर्ज भरला असला तरी देह पोचवायचं काम नातेवाइकांनाच करायचं असतं, म्हणून त्यांची तयारी आधी हवी.

माझा कागद कपाटात विम्याच्या फाईलमध्ये आहे. पहिल्या पानावर लिहिलं आहे की दहावं, तेरावं करू नका, आणि त्याखाली, मावशीला जर मनापासून दिवा लावायचा असेल तर लावू द्या.